अध्ययनासाठी साधी प्रॉक्सी : रचना, कार्यमापन आणि आकड्यांचा अर्थ

प्रस्तावना

मुळशी तालुक्यातील माण हे मूळचे शेतीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे उभारलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा या गावाच्या शिवारात विस्तारला आणि गावाचे नाव संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या पत्त्यांवर येऊ लागले. पुणे जिल्ह्यातील संगणकशास्त्राच्या व अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांचे लक्ष याच पत्त्यांकडे लागलेले असते. अशा मोठ्या कार्यालयांतील संगणक सहसा महाजालाशी थेट बोलत नाही. मध्ये एक मध्यस्थ प्रणाली असते. तिलाच प्रॉक्सी म्हणतात. बाहेरून येणारी विनंतीदेखील मोठ्या संकेतस्थळाच्या मूळ सर्व्हरपर्यंत सरळ पोहोचत नाही. तेथेही प्रवेशद्वाराशी दुसऱ्या प्रकारची प्रॉक्सी उभी असते. म्हणजे विद्यार्थी ज्या व्यवसायात प्रवेश करू पाहतो, त्याच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही दारांवर ही प्रणाली आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या तृतीय वर्ष संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात टीसीपी सॉकेटवर आधारित प्रात्यक्षिके आहेत. दोन संगणकांनी परस्परांना अभिवादन करणे, फाइल पाठविणे, गणकयंत्र चालविणे असे त्यांचे स्वरूप आहे. या प्रात्यक्षिकांत प्रत्येक प्रोग्राम एक तर ग्राहक असतो किंवा सर्व्हर असतो. प्रॉक्सी ही एकाच वेळी दोन्ही असते, आणि सॉकेटविषयीचे खरे प्रश्न याच दुहेरी भूमिकेत उभे राहतात. म्हणून पुढची पायरी म्हणून साधी प्रॉक्सी लिहिणे हे प्रात्यक्षिक फार उपयुक्त आहे. मात्र प्रॉक्सी लिहून होणे हा या प्रात्यक्षिकाचा लहान भाग होय. ती किती वेगाने चालते हे मोजू लागले की प्रयोगवहीत ‘प्रतिसेकंद अमुक हजार विनंत्या’ असा आकडा येतो, आणि तो आकडा नेमका कशाचा आहे हे बहुधा विचारले जात नाही. प्रस्तुत लेखात प्रॉक्सीची रचना थोडक्यात सांगून या आकड्याची चिकित्सा केली आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही ती परकी वाटू नये, कारण मोजमापाची फसगत सर्व विद्याशाखांत सारखीच असते.

प्रॉक्सीची संकल्पना व पूर्वपीठिका

मराठी वाचकास प्रॉक्सी समजावून देण्यासाठी बाजार समितीतील अडत्याचे उदाहरण पुरेसे आहे. खरेदीदार अडत्याशी बोलतो, शेतकरी अडत्याशी बोलतो. त्या दोघांची प्रत्यक्ष गाठ पडतेच असे नाही. अडत्या एखाद्या गिऱ्हाइकास नकार देऊ शकतो, सर्व व्यवहारांची वही ठेवतो, आणि या सेवेबद्दल अडत घेतो. प्रॉक्सीही ग्राहकाची विनंती स्वतःच्या नावाने पुढे नेते, साठवलेली प्रत हाताशी असल्यास तीच देते, निषिद्ध स्थळे अडवते आणि नोंदवही लिहिते. तिची अडत पैशांत नसते, वेळेत असते. कार्यमापन करायचे ते या अडतीचे.

वेबसाठी अशी मध्यस्थ प्रणाली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन केंद्रात सुरुवातीच्या काळातच तयार झाली. ॲरी लुओटोनेन आणि केविन अल्टिस यांनी १९९४ मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब परिषदेत तिच्यावर निबंध सादर केला. १९९६ मध्ये ड्वेन वेसल्स यांच्या पुढाकाराने स्क्विड ही मुक्त प्रणाली आली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, आणि पुढील काही वर्षांत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना जोडण्या मिळू लागल्या. एका अरुंद जोडणीवर साऱ्या प्रयोगशाळेचा भार पडत असे. एकाने पाहिलेले पान दुसऱ्यास साठ्यातून देणारी प्रॉक्सी ही तेव्हा निकड होती. पुढे सुरक्षित एचटीटीपीचा वापर सार्वत्रिक झाला, मजकूर कुलूपबंद होऊन जाऊ लागला आणि मधल्या प्रॉक्सीला तो वाचून साठविणे अशक्य झाले. अशा वेळी ती केवळ ‘कनेक्ट’ ही आज्ञा स्वीकारून दोन टोकांमध्ये बोगदा उघडून देते.

प्राध्यापकवर्गास प्रॉक्सीसारख्या मध्यस्थाचा परिचय ग्रंथालयामार्फत झालेलाच असतो. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत महाविद्यालयीन शिक्षक घरी बसून ई-नियतकालिके वाचतो, तेव्हा त्याची ओळख इन्फ्लिबनेटच्या सर्व्हरवर पटविली जाते आणि त्या ओळखीच्या बळावर प्रकाशकाचे दार उघडते. वाचक आणि प्रकाशक यांच्यामध्ये हा मध्यस्थ उभा आहे, हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. चांगल्या मध्यस्थाचे लक्षण तेच.

साध्या प्रॉक्सीची रचना

अध्ययनासाठी सर्वांत लहान प्रॉक्सी ही केवळ बाइट वाहून नेणारी असावी. तिचे काम असे : एका पोर्टवर कान देऊन बसणे, ग्राहकाची जोडणी आली की ती स्वीकारणे, मूळ सर्व्हरशी स्वतः नवी जोडणी करणे, आणि मग एका बाजूने आलेले बाइट दुसऱ्या बाजूस देत राहणे, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. गो भाषेत हा प्रोग्राम एका पानात मावतो. सी भाषेत तो थोडा लांबतो, परंतु शिकवितो अधिक. सॉकेटवर दहा हजार बाइट लिहिण्यास सांगितले तरी एका खेपेस सर्व लिहिले जातीलच असे नाही. किती गेले ते पाहून उरलेले पुन्हा पाठवावे लागतात. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते आणि तिचा विसर पडला की मोठी फाइल अर्धवट पोहोचते. लहान फाइलवर चाचणी घेणाऱ्यास हा दोष कधीच दिसत नाही.

दुसरी अडचण बंद होण्याची. ग्राहकाने ‘माझे बोलणे संपले’ असे कळविले म्हणजे त्याचे ऐकणे संपले असे नव्हे. टीसीपीत जोडणीची एक दिशा बंद करून दुसरी चालू ठेवता येते. नवशिका प्रोग्राम एका दिशेचा प्रवाह संपताच दोन्ही जोडण्या तोडतो आणि उत्तराचा शेवटचा भाग हरवतो. उलटपक्षी जोडण्या बंद करण्याचे राहून गेले तर त्या साचत जातात. लिनक्सवर एका प्रोग्रामला उघड्या फाइल व सॉकेट यांची मर्यादा सहसा १०२४ असते. प्रॉक्सीला प्रत्येक ग्राहकामागे दोन सॉकेट लागतात. आदान, प्रदान, त्रुटी यांच्या तीन प्रमाणित वाटा आणि कान देऊन बसलेला एक सॉकेट वजा जाता १०२० उरतात. म्हणजे ५१० ग्राहकांनंतर सी भाषेतील प्रॉक्सी नवी जोडणी घेण्याचे थांबविते. विद्यार्थी या क्षणी प्रॉक्सी कोसळली असे समजतो. वास्तविक तिने हिशेब अचूक पाळलेला असतो.

याहून पुढची पायरी म्हणजे एचटीटीपी समजणारी प्रॉक्सी. ती शीर्षओळी वाचते, त्यांतील केवळ त्या टप्प्यापुरत्या असलेल्या ओळी काढून टाकते, स्वतःची नोंद घालते आणि मग मजकूर पुढे पाठविते. अनेक ग्राहक एकाच वेळी सांभाळण्याच्या पद्धती, म्हणजे प्रत्येकास स्वतंत्र धागा की एकाच धाग्यात घटनांची पाळी, यांची चर्चा डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये दहा हजार ग्राहकांचा प्रश्न म्हणून मांडली होती. त्या चर्चेत येथे शिरण्याचे कारण नाही. प्रात्यक्षिकासाठी कोणतीही एक पद्धत चालेल.

कार्यमापन : कोणता प्रश्न विचारला आहे?

मोजमापास बसण्यापूर्वी तीन मांडण्या हव्यात. पहिलीत प्रॉक्सी नसावी. ग्राहक थेट सर्व्हरशी बोलेल. दुसरीत विद्यार्थ्याची प्रॉक्सी मध्ये असेल. तिसरीत त्याच जागी एन्जिन-एक्स किंवा एचए-प्रॉक्सी यांसारखी मुरलेली प्रणाली बसवावी. पहिल्या आणि दुसऱ्या मांडणीतील फरक ही अडत. तिसरी मांडणी ती अडत वाजवी आहे का ते सांगते. केवळ दुसऱ्या मांडणीचा आकडा लिहिणे म्हणजे गोणीसह वजन करून धान्याचे वजन सांगणे होय.

बहुतेक प्रात्यक्षिकांत भार टाकणारा प्रोग्राम, प्रॉक्सी आणि सर्व्हर हे तिन्ही एकाच संगणकावर चालविले जातात. सोयीचे आहे खरे. परंतु तेथे तार नाही, अंतर नाही, आणि तिन्ही प्रोग्राम एकाच प्रक्रियकासाठी भांडत असतात. प्रॉक्सी सुधारली तरी आकडा सुधारत नाही, कारण भार टाकणाराच दमलेला असतो. तीन वेगळे संगणक घेतले तर हा प्रश्न सुटतो, पण नवा येतो. प्रयोगशाळेतील जाल प्रतिसेकंद १०० मेगाबिटचे असेल तर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट जाऊ शकतात. एक मेगाबाइटची फाइल मागितली की सेकंदाला १२ विनंत्यांच्या पुढे कोणतीच प्रॉक्सी जाणार नाही. विद्यार्थ्याची प्रॉक्सी आणि एन्जिन-एक्स यांचे आकडे तंतोतंत जुळतात आणि विद्यार्थी हरखून जातो! त्याने तार मोजलेली असते. शंभर-दोनशे बाइटची फाइल घेतल्यावरच प्रत्येक विनंतीमागील प्रॉक्सीचा स्वतःचा खर्च उघड होतो.

आकड्यांची अंतर्गत संगती तपासण्याचे एक साधे साधन आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, प्रणालीत सरासरीने असलेल्या विनंत्यांची संख्या ही येण्याचा दर आणि सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते. समजा ५० ग्राहक अखंडपणे, उत्तर येताच पुढची विनंती करीत आहेत आणि प्रतिसादास सरासरी २० मिलिसेकंद लागतात. तर दर सेकंदाला २५०० विनंत्या पूर्ण होतील. प्रयोगवहीत ५० ग्राहक, २० मिलिसेकंद आणि प्रतिसेकंद ४००० असे तीन आकडे शेजारी दिसले तर गुणाकार ८० येतो. तेव्हा त्यांपैकी एक आकडा चुकीचा आहे, हे संगणकाला हात न लावता सांगता येते. बऱ्याचदा नाकारलेल्या विनंत्याही पूर्ण झालेल्यांत मोजल्या गेलेल्या असतात. नकार हा होकारापेक्षा नेहमीच लवकर मिळतो. त्यामुळे प्रॉक्सी जितकी बिघडते तितकी ती वेगवान दिसू लागते. अपाची बेंच हे साधन अयशस्वी उत्तरांची संख्या वेगळी छापते, पण ती ओळ वाचण्याची सवय लावावी लागते.

चाळीस मिलिसेकंदांचे कोडे

आकड्याचा अर्थ शोधणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरण या प्रात्यक्षिकातच दडलेले आहे. एचटीटीपी समजणारी प्रॉक्सी सी किंवा पायथनच्या साध्या सॉकेटने लिहिली, तिने शीर्षओळी एका खेपेस व मजकूर दुसऱ्या खेपेस पाठविला, आणि ग्राहकाने जोडणी न तोडता तिच्यावरूनच पुन्हा पुन्हा विनंत्या केल्या, तर लिनक्सवर पुष्कळदा प्रत्येक प्रतिसादास ४० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागू लागतो. प्रक्रियक तर रिकामा बसलेला असतो. फाइल लहान केली तरी फरक नाही, संगणक बदलला तरी फरक नाही.

कारण दोन नियमांच्या गाठीत आहे. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचविलेल्या पद्धतीनुसार, आधी पाठविलेल्या माहितीची पोच येईपर्यंत टीसीपी पुढचा लहान तुकडा रोखून धरते. किरकोळ तुकड्यांनी जाल भरू नये हा हेतू. दुसऱ्या टोकाचा संगणक पोच लगेच देत नाही. थोडे थांबून उत्तराबरोबरच ती पाठवावी म्हणजे एक खेप वाचेल, हा त्याचा हेतू. लिनक्समध्ये हे थांबणे किमान ४० मिलिसेकंदांचे असते. एक पोचेची वाट पाहतो, दुसरा पुढच्या तुकड्याची. दोघे अतिशिष्ट गृहस्थ दारात ‘आपण आधी’ म्हणत उभे राहावेत तसा हा प्रकार आहे. जोडणीच्या आरंभी लिनक्स पोच तत्परतेने देते, म्हणून दर वेळी नवी जोडणी करून घेतलेल्या चाचणीत हे कोडे उमटत नाही.

यातील लक्षणीय भाग असा की, एकूण दराकडेच पाहणाऱ्याला ते जोडणी टिकवूनही दिसत नाही. एका जोडणीवर सेकंदाला २५ विनंत्या होतात. ही संख्या संशयास्पद आहे. पण १०० जोडण्या उघडल्या की तीच संख्या २५०० होते आणि प्रयोगवहीत शोभून दिसते. शीर्षओळी व मजकूर एकत्र करून एकाच खेपेत पाठविला, किंवा सॉकेटवर नेगलची पद्धत बंद केली, की विलंब नाहीसा होतो. गो भाषेत ती मुळातच बंद असते. त्यामुळे ‘गो वेगवान आहे, पायथन मंद आहे’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी भाषांची तुलना न करता एका पूर्वनिश्चित मांडणीची तुलना करीत असतो.

सरासरीआड लपलेला विलंब

शंभर विनंत्यांपैकी ९९ विनंत्यांना २ मिलिसेकंद आणि एकीला एक पूर्ण सेकंद लागला, तर सरासरी सुमारे १२ मिलिसेकंद येते. हा अनुभव शंभरांपैकी एकालाही आलेला नाही. म्हणून मध्यांक आणि नव्याण्णवावा शतमक ही दोन्ही मूल्ये द्यावीत. शंभरात एक ही संख्या नगण्य वाटेल. परंतु एका पानासाठी ५० घटक मागवावे लागत असतील तर त्यांपैकी किमान एक संथ निघण्याची शक्यता ३९ टक्क्यांहून अधिक भरते. जेफ्री डीन व लुई आंद्रे बारोसो यांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा मोठ्या प्रणालींसंदर्भात मांडला : शंभर सर्व्हरांची उत्तरे एकत्र करायची असतील तर ही शक्यता ६३ टक्क्यांवर जाते.

शतमक दिले तरी एक सूक्ष्म फसगत उरते. भार टाकणारी अनेक साधने उत्तर आल्यावरच पुढची विनंती करतात. कल्पना करावी की, माणहून शिवाजीनगरला दर दहा मिनिटांनी निघणाऱ्या प्रवाशांना किती वेळ लागतो हे पाहण्यासाठी एकच निरीक्षक नेमला आहे. तो स्वतः जातो, परत येतो, मग पुन्हा निघतो. हिंजवडीच्या कोंडीत तो दोन तास अडकला तर त्याच्या वहीत एकच वाईट फेरी नोंदली जाते. त्या दोन तासांत जे बारा प्रवासी निघणार होते व अडकणार होते, त्यांची नोंद कोठेच होत नाही. कोंडी जितकी मोठी, तितकी तिची नोंद कमी! गिल टेने यांनी या दोषाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि ठरलेल्या दराने विनंत्या सोडणारे आणि प्रत्येक विनंती ज्या क्षणी सुटायला हवी होती तेथपासून विलंब मोजणारे डब्ल्यूआरके-टू हे साधन उपलब्ध करून दिले.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नव्हे. एकाच धाग्यावर चालणारी प्रॉक्सी स्थळनामाचा पत्ता विचारण्यासाठी थांबली आणि पहिल्या नाम-सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर लिनक्सवरील प्रचलित मांडणीत ती ५ सेकंद थांबते. तोवर कोणाचेच काम होत नाही. सेकंदाला १०० याप्रमाणे एका मिनिटात ६००० विनंत्या येणार आहेत आणि एरवी प्रत्येकीस एक मिलिसेकंद लागतो असे धरू. त्या ५ सेकंदांत ५०० विनंत्या येऊन अडकतील. सर्वांत आधी आलेली ५ सेकंद, शेवटची जवळपास शून्य. ६००० पैकी सर्वांत संथ एक टक्का म्हणजे ६० विनंत्या. साठलेल्या विनंत्या निपटण्याचा वेळ सोडून दिला तरी नव्याण्णवावा शतमक ४.४ सेकंदांवर येतो. उत्तराची वाट पाहणाऱ्या साधनाकडे मात्र सुमारे साडेपाच हजार चांगल्या नोंदी आणि एकच वाईट नोंद असते; त्याचा नव्याण्णवावा शतमक एक मिलिसेकंद येतो. प्रॉक्सी तीच, बिघाड तोच, आणि दोन आकड्यांत चार हजारपटींहून अधिक अंतर.

प्रयोगशाळेतील अंमलबजावणी

हे प्रात्यक्षिक तीन साध्या संगणकांवर आणि मुक्त प्रणालींच्या आधारे करता येते. वेगळा खर्च नाही. जालातील अंतराचा परिणाम पाहण्यासाठी लिनक्समधील नेटेम या सोयीने कृत्रिम विलंब घालता येतो. दोन पथ्ये मात्र काटेकोरपणे पाळावीत. विद्यार्थ्याची प्रॉक्सी प्रयोगशाळेच्या जालापुरतीच उघडी असावी. महाजालाकडे उघडी राहिलेली प्रॉक्सी अल्पावधीत परक्यांच्या हाती लागते आणि त्यांच्या उद्योगांचा पत्ता महाविद्यालयाचा निघतो. दुसरे असे की, चाचणीसाठी सहाध्यायांची खरी वाहतूक वापरू नये. प्रॉक्सीची नोंदवही म्हणजे कोणी काय वाचले याची यादी असते.

गुणदानाच्या पद्धतीचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. सर्वांत मोठ्या आकड्यास सर्वांत अधिक गुण दिले तर विद्यार्थी एकाच संगणकावर, लहान फाइल, शेकडो जोडण्या आणि न वाचलेली त्रुटीची ओळ या मार्गाने तो आकडा मिळवितात. त्याऐवजी तोंडी परीक्षेत दोनच प्रश्न विचारावेत. तीन मांडण्यांतील फरक किती आला, आणि तो फरक प्रक्रियक, तार, अंतर की प्रतीक्षा यांपैकी कशामुळे आला हे कोणत्या बदलाने तपासले? सेकंदाला २५ विनंत्यांवर अडकलेल्या, पण ते ४० मिलिसेकंद कोठून आले हे दाखवून देणाऱ्या विद्यार्थ्यास प्रतिसेकंद २५०० लिहून मोकळ्या झालेल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक गुण मिळाले पाहिजेत. प्रात्यक्षिकाच्या नमुना-पत्रकात निष्पत्तीसाठी एकच रकाना असतो. तेथे मध्यांक, नव्याण्णवावा शतमक, अयशस्वी विनंत्यांची संख्या आणि कारणाची तपासणी असे चार रकाने आखून देणे विभागाच्या अखत्यारीतच आहे.